दुचाकी प्रश्नोत्तरे : दूरच्या प्रवासाची पहिली मोटारसायकल

भातकापणी आटोपली आणि रस्ते कोरडे झाले की आमच्याकडे मोटारसायकलविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आहे : आजवर लांब कधी गेलो नाही, आता जायचे आहे, तर गाडी कोणती घ्यावी? सर्वांत सविस्तर पत्र गुहागर तालुक्यातून आले आहे आणि त्याचे उत्तरही त्यामुळे लांबले आहे. बाकीच्यांना जागेप्रमाणे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सा. न. वि. वि. मी गुहागर तालुक्यातील एका गावात प्राथमिक शिक्षक आहे. वय २७, उंची ५ फूट ४ इंच, वजन ६१ किलो. गेली सहा वर्षे भावाची १२५ सीसीची गाडी शाळेत जाण्या-येण्यापुरती चालवतो. तिच्यावरून चिपळूणच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. नाताळच्या सुट्टीत रायगडातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे आणि पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत स्पिती किंवा लडाख गाठायचे, असा बेत आहे. पतपेढीचे कर्ज धरून अडीच लाख रुपये उभे राहतील. मित्र म्हणतात की ४०० सीसीच्या खालची गाडी लांबच्या प्रवासाला घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, सुझुकीची २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हीरोची एक्सपल्स २०० या तिघींत मन अडकले आहे. आपण काय सुचवाल? (एक शिक्षक, गुहागर तालुका)

उत्तर : तुम्ही स्वतःची उंची आणि वजन कळवलेत हे फार चांगले केलेत, परंतु तिन्ही गाड्यांची वजने पत्रात कुठेच नाहीत, आणि माझ्या मते नवख्याच्या निवडीचा निम्मा निकाल तिथेच लागतो. पेट्रोलने टाकी भरलेली हिमालयन ४५० ही १९६ किलोची आहे, व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची आणि एक्सपल्स २०० सुमारे १५९ किलोची. पहिल्या आणि तिसऱ्या गाडीतला फरक सदतीस किलोंचा, म्हणजे हापूसच्या भरलेल्या जवळजवळ दोन पेट्यांएवढा. पेट्या टेम्पोतून जात असताना त्यांचे वजन कोणाला जाणवत नाही. त्या खांद्यावर घेऊन बागेतून पाखाडी चढायची वेळ आली की जाणवते. मोटारसायकलचेही तसेच आहे. गाडी ताशी चाळीसने चालू लागली की दोनशे किलोही आपोआप तोलले जातात. ती थांबते, उतारावर मागे ढकलावी लागते किंवा अरुंद वाडीत वळवावी लागते, तेव्हा सगळा भार तुमच्या पायांवर आणि कमरेवर येतो, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर अशी वेळ दिवसातून दहा वेळा येते.

याचा धडा मी स्वतः घेतलेला आहे. काही वर्षांपूर्वी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीच्या धक्क्यावर उतरत होतो. ओहोटी असल्यामुळे धक्क्याच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळलेला भाग उघडा पडला होता. समोरचा रिक्षावाला अचानक थांबला, मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला, गाडीचे तोंड घसरले म्हणून पाय टेकला तर तोही घसरला. वेग ताशी पाच किलोमीटरसुद्धा नसेल. सामानासकट सव्वादोनशे किलोंची गाडी आडवी झाली आणि ती उभी करण्यासाठी जाळी नीट करत बसलेल्या दोन कोळीबांधवांना उठून यावे लागले. चूक सर्वस्वी माझी होती, पण गाडी पन्नास किलोंनी हलकी असती तर निदान उचलण्यापुरता तरी मी स्वावलंबी ठरलो असतो. तुम्हाला रेवसहून निघाल्यावर आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड असे चार धक्के लागतील. त्यांपैकी धोपाव्याचा तर तुमच्या घराजवळचाच आहे; तो भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी एकदा पाहून या.

सीटच्या उंचीचा मुद्दा मित्रांनी नक्कीच काढला असेल. गंमत अशी की तिथे या तिघींत फारसा फरकच नाही. हिमालयन आणि एक्सपल्स यांची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे आणि व्ही-स्ट्रॉमची ८३५ मिलिमीटरवर. ५ फूट ४ इंच उंचीच्या माणसाची पायाची आतली लांबी साधारणपणे पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तिन्ही गाड्यांवर तुमचे चवडे टेकतील आणि टाचा अधांतरी राहतील. तुम्ही बसलात की शॉकअप दोनतीन सेंटिमीटर दबतात आणि बुटांचा तळवा आणखी थोडे देतो, त्यामुळे एवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र चवड्यांवर १५९ किलो तोलणे आणि १९६ किलो तोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय सीट पुढच्या बाजूस किती निमुळती आहे यावरही पाय किती सरळ खाली जातो हे ठरते, आणि ही गोष्ट कागदावरच्या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी गाडीवर बसूनच पाहावे लागते.

आता तुमच्या मित्रांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते अगदीच निराधार नाही. एक्सपल्सचे इंजिन सुमारे १९ अश्वशक्तीचे, व्ही-स्ट्रॉमचे २६ अश्वशक्तीचे आणि हिमालयनचे जवळपास ४० अश्वशक्तीचे आहे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरी झालेल्या टप्प्यांवर ताशी ऐंशीने तासन् तास जायचे असेल तर एक्सपल्स ते करते, पण तिच्या अंगात त्यापुढे फारसे काही शिल्लक राहत नाही. भरधाव ट्रेलरला मागे टाकताना तुम्हाला लांबचा अंदाज घ्यावा लागेल आणि दिवसअखेर हातांना कंप जाणवेल. व्ही-स्ट्रॉम तोच वेग श्वास न फुलता सांभाळते. हिमालयनला तो खेळ वाटतो. पण तुमचा पहिला बेत महामार्गाचा नाही. किनाऱ्याचा रस्ता साधारण पाचशे किलोमीटरचा असून त्यावर वळणे, गावे, गतिरोधक, गुरे, खाड्या आणि सड्यावरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचे, आडवे वारे एवढे आहेत की ताशी तीस किलोमीटरची सरासरी पडली तरी पुष्कळ झाले. मुरुड-हर्णै, आरे-वारे किंवा कशेळी-आंबोळगडच्या परिसरात ४० अश्वशक्तींपैकी पंधरासुद्धा वापरता येत नाहीत. उरलेल्यांचे हप्ते मात्र दरमहा भरावे लागतात.

हिमालयाच्या बाबतीत शक्तीचे गणित थोडे बदलते. उंचीवर हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि त्या प्रमाणात ताकद घटते. स्पितीच्या वाटेवरील कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटर उंचीवर आहे, आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी भरतो. म्हणजे १९ अश्वशक्तीची गाडी तिथे ११ अश्वशक्तीच्या आसपासची उरते, २६ ची पंधराची आणि ४० ची तेवीसची. ऐकायला हे भयंकर वाटते, परंतु त्या रस्त्यावर वेगच ताशी वीस-पंचवीसचा असतो आणि चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच काढायचे असतात. आजच्या गाड्यांतील फ्युएल इंजेक्शन पेट्रोल आणि हवेचे प्रमाण उंचीनुसार स्वतःच जुळवून घेते; कार्बोरेटरच्या काळात खिंडीच्या पायथ्याशी स्क्रू पिळत बसावे लागे, तो त्रास आता उरलेला नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवरूनही लोक तिथे जातात. दगडगोट्यांतून वाहणारे नाले ओलांडताना मात्र पुन्हा वजनच आडवे येते.

चाकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण शोरूममध्ये हा विषय सहसा निघत नाही. एक्सपल्स आणि हिमालयन यांचे पुढचे चाक २१ इंची आणि तारांचे आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते, आणि तारांचे चाक आपटले तरी वाकते, एकदम तडकत नाही. व्ही-स्ट्रॉमला पुढे १९ इंची मॅगव्हील, म्हणजे तारा नसलेले ओतीव चाक, आणि ट्यूबलेस टायर आहेत. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, आणि रस्त्याच्या कडेलाच दोरीची बत्ती घालून दहा मिनिटांत पंक्चर काढता येते. ट्यूबच्या टायरला चाक उतरवावे लागते. कोकणात पंक्चरवाले गावोगावी आहेत, पण २१ इंची ट्यूब त्यांच्याकडे असेलच असे नाही. म्हणून तसली गाडी घेतलीत तर एक जास्तीची ट्यूब, चाक खोलण्याचा पाना आणि टायर उचकण्याच्या दोन पट्ट्या सीटखाली किंवा पिशवीत कायम ठेवा आणि ते काम घराच्या अंगणात निदान एकदा स्वतः करून पाहा. डांबरी रस्ता सोडून सड्यावरच्या लाल वाटांवर जाण्याची हौस असेल तर २१ इंची चाकाला पर्याय नाही; जांभ्याची बारीक खडी उतारावर चाकाखाली गोट्यांसारखी फिरते आणि तिथे लहान चाकाची गाडी लवकर भरकटते.

पैशांचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. नोंदणी आणि विमा धरल्यावर हिमालयन ४५० तुमच्या अडीच लाखांत बसत नाही. बसली असती तरी मी हेच म्हटले असते की अडीच लाखांतले किमान तीस हजार रुपये गाडीला हात न लावू देता बाजूला काढा. त्यात उत्तम हेल्मेट, कोपर-खांद्यांना संरक्षण असलेले जाकीट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्या येतील. गाडी पुढेमागे विकून दुसरी घेता येते.

तेव्हा माझा सल्ला असा : रेवस ते रेडी आणि त्यानंतर घाटमाथ्यावरचे प्रवास हाच तुमचा मुख्य बेत असेल, आणि पत्रावरून मला तसेच वाटते, तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्या. वजन आवाक्यात, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा), ट्यूबलेस टायर आणि महामार्गावर पुरेशी ताकद यांचा मेळ तुमच्या गरजेशी बसतो. डांबर सोडून कच्च्या वाटांवरच जीव रमणार असेल तर एक्सपल्स घ्या आणि वाचलेले पैसे प्रवासावर खर्च करा. हिमालयन ४५० ही गाडी म्हणून मला तिघींत सर्वांत आवडते. ती तुमची दुसरी गाडी असावी. मात्र पैसे भरण्यापूर्वी चिपळुणात आणि रत्नागिरीत त्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्वतः जाऊन चौकशी करा : क्लच वायर, ब्रेक लिव्हर, एअर फिल्टर या वस्तू आज, आत्ता, शेल्फवर आहेत का? आठ दिवसांनी मागवून देतो असे उत्तर मिळाले तर माझा वरचा क्रम खुशाल उलटा करा. चाचणीसाठी गाडी चालवायला मिळेल तेव्हा सरळ रस्त्यावर पळवून आणू नका. शोरूमच्या आवारात इंजिन बंद करून ती दहा पावले मागे ढकला, दोन्ही बाजूंना पूर्ण हँडल वळवून आठचा आकडा काढा आणि उतारावर थांबून पुन्हा निघून दाखवा. सेल्समन कंटाळेल, कंटाळू द्या.

नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर तिला ताण द्यायचा नसतो, त्यामुळे नाताळात निघायचे तर गाडी निदान महिनाभर आधी हातात हवी. त्या महिन्यात एका रविवारी धोपाव्याहून दाभोळला उतरून दापोली, आंजर्ले, केळशी करून संध्याकाळी परत या. दुसऱ्या रविवारी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरपर्यंत जा आणि उतरताना ब्रेकवर न विसंबता, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीने उतरण्याचा सराव करा. निघण्यापूर्वी जेवढे सामान प्रवासात न्यायचे आहे तेवढे लादूनच या दोन्ही फेऱ्या करा. जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा. मागच्या कॅरिअरवर उंच बोचके बांधले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी ऐकत नाही.

स्पितीच्या तारखांकडे मात्र पुन्हा पाहा. शिक्षकाची सुट्टी जूनच्या मध्याला संपते आणि मनालीकडून येणारी कुंझुमची वाट बर्फ हटून सहसा जूनमध्ये खुली होते, त्यामुळे मे महिन्यात तुम्हाला शिमला–किन्नौरमार्गे स्पितीतील काझापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावे लागेल. ती वाट हळूहळू उंची गाठत जाते, म्हणून विरळ हवेची सवय होण्याच्या दृष्टीनेही नवख्याला तीच बरी. लडाख पहिल्या वर्षी नको. रत्नागिरीहून लेह अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि सुट्टीतले पंधरा दिवस केवळ महामार्गावर जाण्या-येण्यात घालवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. गाडी रेल्वेने पार्सल करून उत्तरेकडे पाठवता येते. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी बुक आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात आणि गाडी गोणपाटात नीट बांधून घ्यावी लागते. आरसे आधीच काढून ठेवा.

प्रश्न : मी पंधरा वर्षे स्कूटर चालवते आहे. उंची ५ फूट १ इंच. आता गिअरची गाडी शिकून एकटीने गोव्यापर्यंत आणि पुढे गोकर्णपर्यंत जायची इच्छा आहे, पण शोरूममध्ये बसून पाहिलेल्या प्रत्येक प्रवासी गाडीवर पाय लटकतात. सीट कापून घ्यावी का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सीटचा फोम दोनतीन सेंटिमीटर कमी करून घेणे निरुपद्रवी आहे, मात्र त्याहून जास्त कापल्यास शंभर किलोमीटरनंतर पाठ त्याची किंमत वसूल करते. मागचा शॉकअप खाली घेणारी पट्टी बसवण्याचा सल्ला गॅरेजवाले देतात. ती बसवली आणि पुढचा भाग तसाच ठेवला तर गाडीचा कल बदलतो आणि ती वळायला आळशी होते, शिवाय साइड स्टँड लांब पडून गाडी उभी करताना उलट्या बाजूस कलंडते. कमी उंचीच्या सीटच्या प्रवासी गाड्याही आहेत : जुनी हिमालयन ४११ हिची सीट ८०० मिलिमीटरवर आणि तिचीच बहीण स्क्रॅम ४११ हिची ७९५ मिलिमीटरवर (दोन्ही आता वापरलेल्याच मिळतात). पण त्या वजनाने भारी आहेत, आणि पंधरा वर्षे स्कूटर चालवलेल्या हातांना क्लचची ओळख त्यांच्यावर करून देणे मला प्रशस्त वाटत नाही. आधी सहा महिने एखादी जुनी १५०–१६० सीसीची साधी गाडी घेऊन शिका आणि गोव्याला तिच्यावरूनच जा.

दोन्ही पाय टेकले पाहिजेत हा आग्रहही सोडून द्या. थांबताना शरीर किंचित डावीकडे सरकवून डावा पाय पूर्ण टेकायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, ही रीत अंगवळणी पडली की उंचीची अडचण पुष्कळशी दूर होते. थांबण्यापूर्वी रस्त्याचा कल पाहण्याची सवय ठेवा. कोकणातल्या रस्त्यांच्या कडा खचलेल्या असतात आणि डावीकडे घेतले की नेमका पायाखालचा भाग खोल निघतो. गाडी पडलीच तर हँडल पूर्ण वळवून, गाडी गिअरमध्ये ठेवून, तिच्याकडे पाठ करून सीटला कंबर लावायची, एका हाताने हँडलचे टोक आणि दुसऱ्याने मागची दांडी धरून, पाठ ताठ ठेवत पायांच्या जोरावर मागे मागे चालत जायचे. उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्यापूर्वी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायला विसरू नका. हे कोणाला तरी जवळ उभे करून मऊ मातीत दोनदा करून पाहा.

प्रश्न : ओळखीच्या एकाकडे चार वर्षांची ४११ सीसीची गाडी स्वस्तात मिळते आहे. घर समुद्राला लागून आहे. काय काय पाहावे? (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : समुद्राकाठच्या गाडीचे किलोमीटर पाहण्याआधी तिचा गंज पाहा. टाकीखालचा चौकटीचा भाग, सायलेन्सरचे जोड, चाकांच्या तारांची मुळे आणि पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्या टॉर्च लावून तपासा. नळ्यांवर बारीक टोचे पडलेले असतील तर ऑइल सील पुन्हा पुन्हा फाटत राहील. सीट काढून वायरिंगच्या जोडण्या उघडून पाहा; आत हिरवट पूड दिसली तर खाऱ्या हवेने तांबे खाल्ले आहे, आणि असली गाडी भर पावसात घाटात बंद पडते. सीटखाली, एअर फिल्टरच्या डब्यात किंवा हेडलाइटच्या वाटीत गाळाची बारीक रेघ आढळली तर गाडी पुरात बुडालेली असण्याचा संभव धरा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या असतील, कोण जाणे.

कागदपत्रांत आरसी बुकावरचा चॅसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहा. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असल्यास तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि संस्थेचे पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि विमा तुमच्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. ओळखीचा माणूस आहे म्हणून हे मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. ओळख टिकवायची असेल तर पहिल्याच दिवशी मागा.

गाडी घेतल्यानंतर ती पुळणीवर नेऊ नका. वाळू आणि खारे पाणी चेन आणि बेअरिंग खातात, हे एक कारण. आंजर्ले-वेळासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे दुसरे आणि मोठे कारण.

प्रश्न : माझ्याकडे ११० सीसीची नऊ वर्षांची गाडी आहे. नवी घेण्याची ऐपत नाही. हिच्यावरून सावंतवाडी ते हम्पी जाता येईल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : जाता येईल, खुशाल जा. आंबोली घाट सकाळी लवकर चढा, ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर नेऊ नका, दर दीड तासाने इंजिनाला आणि स्वतःला विश्रांती द्या आणि एका दिवसात दोनशे किलोमीटरवर थांबा. निघण्यापूर्वी दोन्ही टायर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, क्लच वायर आणि इंजिन ऑइल बदलून किंवा तपासून घ्या. तुमच्या गाडीचा सर्वांत मोठा गुण असा की वाटेत ती कुठेही बिघडली तरी तिथला मेकॅनिक ती डोळे मिटून उघडू शकतो. लाखालाखाच्या गाड्यांना हे भाग्य नाही.

प्रश्न : एका चाकाचा एबीएस आणि दोन्ही चाकांचा एबीएस यांत पावसाळ्याच्या दृष्टीने किती फरक पडतो? त्यासाठी वीस-पंचवीस हजार जास्त द्यावेत का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे आहे, मात्र ते एका चाकाला असले तरी नियम पाळला जातो, आणि ते चाक पुढचे असते. पुढचे चाक अडकले तर गाडी क्षणात आडवी होते. मागचे अडकले तर ती शेपटीसारखी हलते आणि पाय सैल केला की बहुधा सावरते. म्हणून एका चाकाचा एबीएसही महत्त्वाचे काम करतोच. पण राजापूरकडच्या जांभ्याच्या ओल्या रस्त्यावर, लाल चिखल डांबरावर वाहून आलेला असताना, घाबरलेला नवखा चालक हमखास मागचा ब्रेक पाय रोवून दाबतो. तुम्ही बारमाही गाडी चालवत असाल तर दोन्ही चाकांच्या एबीएसचे पैसे द्या.

त्याआधी टायर पाहा. झिजलेल्या टायरवर कोणताही एबीएस पकड निर्माण करू शकत नाही. असलेली पकड सुटू न देणे एवढेच त्याचे काम. पावसाळ्याच्या तोंडावर टायरच्या खाचांमधल्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत रबर झिजले असेल तर आगोटीच्या खरेदीत टायरही धरा. चेनला एरवी पाचशे किलोमीटरला तेल दिले तरी चालते. जून ते सप्टेंबर ते दोन-तीनशेवर आणा, आणि तेल प्रवासाला निघताना नव्हे तर संध्याकाळी परतल्यावर, चेन गरम असताना द्या, म्हणजे रात्रभर ते सांध्यांत मुरते.

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला थेट ४०० सीसीची गाडी हवी आहे आणि मित्रांबरोबर कन्याकुमारीला जायचे आहे. कायद्याने अडवता येते का? (एक पालक, मालवण)

उत्तर : येत नाही. परदेशांत काही ठिकाणी लहान गाडीवर ठरावीक काळ काढल्याखेरीज मोठीचा परवाना मिळत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचा एकदा परवाना मिळाला की त्यावर शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत कोणतीही गाडी चालवता येते. तेव्हा पायऱ्या घरानेच घालून द्याव्या लागतात. "नाही" म्हणण्यापेक्षा "आधी घरातल्या गाडीवरून मालवण ते आंबोली, मग मालवण ते कोल्हापूर, आणि वाटेत एकदा स्वतः पंक्चर काढून दाखव" असे म्हणून पाहा. दोन फेऱ्यांनंतर ४०० सीसीचा आग्रह बहुधा थोडा खाली येतो; नाही आला तर मुलगा निदान तयार तरी झालेला असतो.

हेल्मेटच्या खरेदीला मात्र त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असला पाहिजे. हेल्मेट घालून पट्टा बांधायला सांगा आणि मागच्या कडेला धरून ते पुढे उलथण्याचा प्रयत्न करा. निघून आले तर ते त्याच्या मापाचे नाही. नंतर पंधरा मिनिटे ते दुकानातच डोक्यावर ठेवायला लावा. कपाळावर एकाच जागी दुखू लागले तर आकार चुकला आहे, गालांवर सगळीकडून सारखे घट्ट वाटले तर तेच घ्या, कारण आतला फोम महिनाभरात थोडा बसतो. मागे बसणाऱ्या मित्रासाठीही त्याच प्रतीचे दुसरे हेल्मेट त्याच दिवशी घ्या.